चालून दाखव

"कुणाकडं आलाय?"

दारात बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईनं मान वर न करता विचारलं. साताऱ्याची यादोगोपाळ पेठ, रविवारची सकाळ, साडेनऊची वेळ. माझ्या उजव्या चपलेचा अंगठा नुकताच तुटला होता आणि ती चप्पल हातात धरून मी भर गल्लीत बगळ्यासारखी एका पायावर उभी होते.

"कुणाकडं नाही," आमचे हे म्हणाले. "असंच फिरतोय."

आता बाईंनी मान वर केली. आधी यांच्याकडे पाहिलं, मग यांच्या हातातल्या वहीकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी माझ्या चपलेकडे. सूप हळूच बाजूला ठेवलं.

"असंच व्हय," म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या. आपल्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहिती असलेली माणसं हसतात ना, तसं.

ही सत्याऐंशी सालची गोष्ट. माझ्या लग्नाला अकरा महिने झाले होते. यांचं नाव रमाकांत, नोकरी पाटबंधारे खात्यात ट्रेसरची. म्हणजे आठवडाभर धरणांचे नि कालव्यांचे नकाशे गिरवायचे. शनिवारी संध्याकाळी मात्र उरल्यासुरल्या कागदावर साताऱ्याची एकेक पेठ काढायची आणि रविवारी मला घेऊन ती पायांखाली घालायची. नियम कडक. वाट कुणाला विचारायची नाही, रिक्षा करायची नाही, एका गल्लीतून दोनदा जायचं नाही आणि पेठ संपेपर्यंत खायचं नाही. लोकांच्या नवऱ्यांना पत्त्यांचं नाहीतर दारूचं व्यसन असतं, माझ्या नशिबी गल्ल्याबोळ आले.

मला चालण्याचा मनापासून तिटकारा. हे सोमवारी ऑफिसला गेले, की मी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचे. घरात मीठ इतक्या लवकर संपायचं, की वाण्यानं एकदा विचारलं, "वहिनी, लोणच्याचा धंदा काढलाय का?" तरी अकरा महिन्यांत मी एका शब्दानं तक्रार केली नाही. तक्रार न करणं हा काही माझा स्वभाव नव्हे, माझ्या माहेरी बार्शीत कुणालाही विचारा. पण चोराच्या मनात चांदणं!

यांच्याआधी माझं एकदा लग्न ठरून मोडलं होतं. नुसतं ठरून नव्हे, चांगला चाळीस माणसांत साखरपुडा होऊन. आणि हे यांना कुणी सांगितलंच नव्हतं. स्थळ चांगलं आलंय म्हटल्यावर माझ्या आईनं गल्लीत घरोघरी जाऊन सगळ्यांना शपथा घातल्या होत्या. फसवून गळ्यात बांधली म्हणून माहेरी पाठवलेल्या दोन पोरी आमच्याच गल्लीत होत्या, त्यामुळे ती भीती मला कुणी शिकवायला नको होती. आणि परवाच यांनी जेवताना जाहीर केलं होतं, "दिवाळसणाला बार्शीत चार दिवस आहोत ना, बार्शी पुरी करून टाकू. गल्ली न् गल्ली."

वही घेऊन चार दिवस बार्शी पालथी घालणारा जावई आणि गल्लीभर तोंडाळ म्हाताऱ्या. एकीच्या तोंडून एक वाक्य निसटलं, की माझा संसार आटोपला. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती.

तर, यादोगोपाळ पेठ.

"पोरगी म्हंजी सोनं हाय," तांदूळवाल्या बाई म्हणाल्या. त्यांना सगळे गोदाक्का म्हणतात हे मला नंतर कळलं.

"कोणाची?" यांनी भाबडेपणानं विचारलं.

"कोणाची म्हनं!" गोदाक्कांनी मला डोळा घातला. "दळव्यांची हेमा वो. मान वर करून बघत न्हाई. वीस वर्सं भिंतीला भिंत लावून ऱ्हाते मी, अजून तिचा आवाज ऐकला न्हाई."

समोरचा शिंपी मशीन थांबवून खिडकीशी आला. "तब्येतीला तर इतकी खणखणीत," तो म्हणाला, "की आमच्या पेठेतला डॉक्टर कंटाळून पोवई नाक्याला गेला." कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यानं कुणी न विचारता सांगितलं, की बापाला दारू नाही, आईला तोंड नाही आणि पोरीच्या हातचा झुणका खाऊन तो स्वतः मरणाच्या दारातून परत आलाय.

मी गार पडले. "मान वर करून बघत नाही." हेच वाक्य, अक्षरन् अक्षर, माझ्याबद्दल आमची सगळी गल्ली बोलली होती. मी जन्मात मान खाली घातली असेल तर ती केर काढताना.

"अहो," मी यांना कोपरानं ढोसलं. "चला इथून. आपल्याला मुलीच्या चौकशीला आलेली माणसं समजताहेत ही."

"मग सांगून टाकू की, तसं नाही म्हणून."

"कुणाला सांगता? विचारलंय कुणी?"

तिथंच तर मेख होती. मुलाकडची माणसं गुपचूप चौकशीला येतात तेव्हा 'चौकशीला आलोय' असं कधी म्हणत नाहीत, 'असंच फिरतोय' म्हणतात. आणि पेठही 'बरं बरं' म्हणते आणि पढवलेलं सगळं बोलून दाखवते. नाही म्हणायला आधी कुणी काही म्हणायला तरी हवं! आम्ही जितकं 'असंच' म्हणत होतो तितकी गोदाक्कांची खात्री पटत होती. एवढ्यात पलीकडच्या दारातून एक बाई पदर सावरत लगबगीनं आल्या.

"उन्हात का उभं? ताईंची चप्पल बी तुटलीया. घोटभर च्या घ्या, मग फिरा की सावकाश."

ही हेमाची आई. हे 'नको, नको' म्हणत असतानाच आम्ही दळव्यांच्या सोप्यात पाटावर बसलेलो होतो आणि समोर पोहे आले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. हे पोह्यांकडे असे बघत होते, जणू ती कोर्टाची नोटीस आहे. मी खाल्ले. खोटं कशाला सांगू, दुसऱ्यांदा वाढले तेव्हाही खाल्ले.

"हेमा," आई आत बघून म्हणाल्या, "परसात दाभण हाय बघ. ताईंची चप्पल शिवून दे."

आणि हेमा आली. अठ्ठावीसएक वर्षांची, उंच, चांगल्या हाडापेराची. मान चांगली ताठ होती. माझ्या हातातून चप्पल घेऊन ती परसात गेली, मी मागोमाग. धुण्याच्या दगडावर बसून ती दाभणात दोरा ओवायला लागली. मी तिच्या डाव्या बाजूला बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पोहे झकास होते हो."

तिचं लक्षच नाही. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही. मग ओठ हलताना दिसले असावेत, कारण ती एकदम वळली.

"ह्या अंगाला या," ती म्हणाली. "डावा कान गेलाय माझा. सातवीत गालगुंड झालं होतं, तेव्हापासून."

ती चपलेत दाभण खुपसत बोलत राहिली.

"आईनं सगळ्या पेठेला शपथ घातलीय, कानाचं सांगू नका म्हणून. आधीची दोन ठिकाणं अशीच मोडली, ठरल्यावर कळलं म्हणून. आता तुम्ही परळीला मुलाच्या घरी जाऊन सांगा. सरळ सांगा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही." तिनं दोरा दातानं तोडला. "मला हे ठिकाण हवंय, ताई. माणूस बघितलाय मी, साधा आहे, मला आवडलाय. पण आयुष्यभर कुठल्या बाजूला बसायचं, कुठल्या कुशीला झोपायचं, ह्याची चोरी करत संसार करायचा? मला नाही जमायचं ते. तुम्हाला जमलं असतं?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अकरा महिने मी दुसरं काय करत होते? ही पोरगी ठरू घातलेलं लग्न हातात धरून खरं बोलत होती, आणि तेही चुकीच्या माणसांना. मला माझी इतकी लाज वाटली, की पोटातले दोन बशा पोहे जड झाले.

"हेमा," मी म्हटलं, "आम्ही परळीचे नाही गं."

दाभण थांबलं. "मग कुठले?"

"इथलेच. सदरबाजारात राहतो. रविवारी गल्ल्या बघत फिरतो."

"कशाला?"

"ते मला पण माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग पोहे खाल्ले ते?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून गोदाक्कांचा खणखणीत आवाज आला. हेमाच्या आईला त्या मोठ्या फुशारकीनं सांगत होत्या, "एक म्हातारा आलता मगाशी, छत्री घेऊन. दळवी कुठं ऱ्हात्यात इचारत हुता. कुठला म्हटलं तर म्हणतो, असंच फिरतोय! म्या म्हटलं, फीर म्होरं. हेमाचं ठरलं, मंडळी आत पोहे खात्यात. गेला मुकाट स्टँडकडं."

हेमा उठून उभी राहिली. "आई! मुलाचे परळीचे मामा उन्हाळ्यात बी छत्री सोडत नाहीत असं कोण म्हणालं होतं?"

आत काहीतरी भांडं पडलं. हेमाच्या आईनं जे 'अगं आई गं' केलं ते आख्ख्या पेठेनं ऐकलं. हेमानं शिवलेली चप्पल माझ्या पायापुढे आदळली.

"जा. आणा त्यांना माघारी. अकराची एसटी आहे, राजवाड्याच्या स्टँडवरनं."

"आणि कानाचं?"

"ते आधी सांगा."

सोप्यात हे घामाघूम बसले होते. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. अकराला दहा कमी. आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी आमच्या यांना मर्दासारखं उठताना पाहिलं. वही उघडली, नकाशावर बोट फिरवलं. "ते म्हातारे थोरल्या रस्त्यानं गेले असणार, वळसा आहे. आपण शिंप्याच्या मागच्या बोळातून. पुढं आड लागेल, डावीकडं. चल!"

पळालो. एका हातानं साडी धरून मी पुढे, नकाशा वाचत हे मागे. धुणी चुकवली, एका अंगणातले पापड तुडवले, शिव्या खाल्ल्या. नकाशा मात्र तंतोतंत होता, आड लागला तिथे आड, पायऱ्या म्हटल्या तिथे पायऱ्या. स्टँडवर पोचलो तर बाकावर पांढरी टोपी, मांडीवर छत्री आणि कागदात भजी घेऊन म्हातारा बसला होता. समोर परळीची गाडी घरघरत उभी होती.

"मामा," मी धापा टाकत म्हटलं, "ते पोहे खाणारे आम्ही. आमचा त्या घराशी काही संबंध नाही. चुकून समजले. हेमाचं कुठंही ठरलेलं नाही."

मामांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "संबंध न्हाई, तर खाल्लं कशाला?"

"भूक लागली होती," मी म्हटलं. "आणि दुसरं. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून."

मामांचं चावणं थांबलं. कंडक्टरनं घंटी मारली. मला वाटलं, संपलं. आपल्या दोन बशा पोह्यांनी एका पोरीचं लग्न खाल्लं.

"हे कुणी सांगितलं तुमाला? पेठेतल्यांनी?"

"तिनंच. तुम्हाला सांगा म्हणून मुद्दाम पाठवलंय."

गाडी हलली. मामांनी गाडीकडे बघितलं, उरलेली भजी बघितली आणि सावकाश कागदाची पुडी बांधली.

"आमच्या घरात दोन्ही कान धड असलेली आठ माणसं हायत," ते म्हणाले. "एकानं कुणाचं ऐकलं असंल तर शपथ. त्यात ही एका कानाची चालंल." मग उठले, छत्री उघडली. "तोंडावर खरं सांगणारी पोरगी हाय म्हनता? बघूनच येतो. पोहे ठेवल्यात का संपवलं?"

आणि म्हातारा छत्री सावरत पेठेच्या दिशेनं चालू लागला. मार्गशीर्षात लग्न झालं. पत्रिका आम्हाला दोन्ही घरांतून आली आणि कुठल्या बाजूच्या पंगतीत बसायचं यावरून गोदाक्का नि मामा आमच्यासमोर भांडले.

पण त्या दिवशी, मामा गेल्यावर, त्या बाकावर आम्ही दोघंच उरलो. हेमाचा तो प्रश्न कानात घुमत होता. तुम्हाला जमलं असतं?

"अहो," मी म्हटलं, "मला पण एक सांगायचंय. मला फसवून दिलीय तुम्हाला."

मी डोळे मिटून बोलून टाकलं. माझा साखरपुडा झाला होता, मोहोळच्या एका मुलाशी. बघायला आले तेव्हा रीतीप्रमाणे 'चालून दाखव' म्हणाले, पायात दोष आहे का बघायला. दाखवलं. साखरपुड्याला चाळीस माणसांत त्याची आत्या पुन्हा म्हणाली, 'चालून दाखव.' दाखवलं. साडी बदलून आले तर तिसऱ्यांदा म्हणाली. तेव्हा मी मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, 'आता तुम्ही चालून दाखवा.' आत्याबाई चांगल्या जाडजूड होत्या. मागे कुणीतरी हसलं. संध्याकाळच्या आत लग्न मोडलं.

"बस. एवढंच," मी म्हटलं. "आता पाठवायचं तर पाठवा बार्शीला."

मी डोळे उघडले. हे माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होते.

"आणि सर्कशीचं काय?" यांनी हळूच विचारलं.

"कसली सर्कस?"

"तू सोळाव्या वर्षी सर्कशीबरोबर पळून गेली होतीस ना? आठ दिवसांनी बाबांनी पंढरपुरातून धरून आणलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. होकार देण्याआधी हा माणूस कुणाला न सांगता दोन दिवस बार्शीत येऊन फिरला होता, वही घेऊन, 'असंच'.

"अख्खी गल्ली म्हणाली, मान वर करून बघत नाही, आवाज ऐकू येत नाही. मला घाम फुटला गं. अशा मुलीशी जन्मभर बोलायचं काय? मी नकारच कळवणार होतो. तेवढ्यात कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, खरं सांगू का साहेब..."

"गुंड्या!" मी ओरडले. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. शीळ घातली म्हणून त्या गुंड्याच्या अंगावर मी एकदा शेणकाल्याची बादली ओतली होती. मेल्यानं असा सूड उगवला होता. "आणि हे ऐकून तुम्ही होकार दिलात?"

"त्याच संध्याकाळी," हे म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. "म्हटलं, ह्या मुलीत काहीतरी आहे. पण भीती वाटायची. दोन खोल्यांत कोंडून घातली तर एक दिवस परत जाईल निघून. म्हणून म्हटलं, रविवारी तरी हिंडवून आणावं. बार्शी पण त्यासाठीच. म्हटलं, तुझं गाव तूच दाखवशील मला."

"म्हणजे हे सगळं... तुम्हाला चालायची आवड नाही?"

"मला?" यांनी खाली वाकून चप्पल काढली आणि पाऊल वर करून दाखवलं. तळवा पाटासारखा सपाट. "ह्याच्यामुळं पोलिसांत घेतलं नाही मला. दर रविवारी रात्री तू झोपलीस, की मोरीत बसून मिठाच्या पाण्यात..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी इतकी हसले, इतकी हसले, की रडू कधी आलं ते कळलंच नाही. पदर तोंडात कोंबून, परळीच्या रिकाम्या फलाटावर मी हुंदके देत हसत होते आणि हे माझ्या पाठीवर हात फिरवत, थोडेसे हिरमुसून विचारत होते, "म्हणजे सर्कशीत गेलीच नाहीस तू? एकदा पण?"

त्या दिवाळीत बार्शीला गेल्यावर सगळ्यात आधी मी गुंड्याला फराळाचा डबा नेऊन दिला. तो घाबरून दुकानाच्या मागे पळाला, तो भाग वेगळा.

त्या रविवारी मात्र स्टँडवरूनच यांनी हाक मारली, "रिक्षा!" सगळे नियम मोडले. आम्ही बसलो, पाय वर घेतले आणि स्वर्गात निघाल्यासारखे घराकडे निघालो. आता पुन्हा चालायचं कारणच उरलं नव्हतं, दोघांनाही. अर्ध्या वाटेवर उजव्या हाताला एक अरुंद गल्ली दिसली. तोंडाशी बेलाचं झाड, आत चार पायऱ्या, पुढे वळण. वहीत ती गल्ली नव्हती. अकरा महिन्यांत आमच्या नजरेतून सुटलेली.

"थांबवा हो," मी रिक्षावाल्याला म्हटलं.

"काय झालं?" हे दचकले.

"ही राहिलीय." मी खाली उतरले आणि झाडाखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "उतरा. पुढं व्हा. आता तुम्ही चालून दाखवा."

यांनी माझ्याकडे पाहिलं, वही काखेत मारली आणि निघाले. आजवर मी नेहमी नकाशाकडे नाहीतर माझ्या फोडांकडे बघत चालायचे. यांना पाठमोरं असं कधी बघितलंच नव्हतं. पाय फेंगडे पडत होते, डावा खांदा उतरलेला होता, चौथ्या पायरीवर ठेचकाळले पण. कुणी माझ्याकडून चौकशीला गेलं असतं, तर पहिल्या फेरीत नापास झाले असते.

वळणाशी थांबून यांनी मागे बघितलं. "मग?"

"पसंत आहे," मी म्हटलं, आणि मागोमाग निघाले.